डोंगरीच्या तुरुंगात मुले कशी पोचली

1882 च्या जुलैत कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात नेण्यात आले. 26 ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी त्या 101 दिवसांवर पुस्तक लिहिल्यामुळे मराठी वाचकाला या तुरुंगाचे नाव ठाऊक आहे. त्याच वास्तूत पुढे मुले ठेवली जाऊ लागली, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. 1927 मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे उमरखाडीचे रिमांड होम, ज्याला मुंबईकर आजही डोंगरीचे रिमांड होम म्हणतात, ते या जुन्या तुरुंगातच थाटले गेले.

मुलांसाठी तुरुंगाची इमारत का निवडली गेली असेल? रिकामी सरकारी जागा मिळाली म्हणून, असे सोपे उत्तर देता येईल. पण त्याआधीच्या पाऊणशे वर्षांचे कायदे ओळीने वाचले की वाटते, ही निवड कोणाला खटकण्यासारखी राहिलीच नव्हती.

सुरुवात 1850 च्या एकोणिसाव्या कायद्यापासून करावी लागते. अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना धंदा शिकता यावा आणि मोठेपणी स्वतःचे पोट भरता यावे, असा हेतू त्याच्या प्रस्तावनेतच दिला आहे. दहा वर्षांवरील आणि अठराच्या आतील मुलाला बापाने किंवा पालकाने जास्तीत जास्त सात वर्षांसाठी एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून द्यावे, अशी ही व्यवस्था होती. ज्याला पालकच नाही त्याचे काय? तिथे मॅजिस्ट्रेटला पालकाचे सगळे अधिकार दिले आहेत. हे अधिकार कोणाकोणावर चालतील तेही सांगितले आहे: अनाथ मूल, आईबापांनी टाकलेले गरीब मूल, आणि भटकेपणा किंवा किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेले मूल. तिघेही एकाच कलमात, एकाच वाक्यात आले आहेत. ज्याची आई मेली तो आणि ज्याने फळवाल्याची केळी उचलली तो, कायद्याच्या नजरेत एका रांगेत उभे राहिले ते इथे. पुढची दीडशे वर्षे ही रांग मोडली नाही.

या कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. उमेदवारीचा करार लेखी हवा होता. त्यावर मूल देणाऱ्याची सही हवी, घेणाऱ्याची हवी, आणि मूल चौदा वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर त्याचीही हवी. चौदा वर्षांच्या पोराला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक असले पाहिजे आणि त्याने त्याला रुकार दिला पाहिजे, एवढे 1850 च्या कायदा करणाऱ्यांना सुचले होते. कंपनी सरकारच्या काळातला हा कागद आहे, हे लक्षात घ्यावे.

त्याच सुमारास मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी शिवडीला मुलांसाठी उद्योगशाळा काढली. 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे तिला स्थैर्य आले आणि ससूनांचे नावही लागले. संस्थेच्या इंग्रजी नावात उद्योग आणि सुधारणा असे दोन्ही शब्द आले. धंदा शिकायला आलेला मुलगा आणि सुधारायला पाठवलेला मुलगा यांची सोय एका छपराखाली झाली, आणि कायद्याने लावलेल्या रांगेला इमारत मिळाली.

मग 1876 चा सुधारशाळांचा कायदा आला आणि त्याच्या जागी 1897 चा. 1897 च्या कायद्यात ‘बालगुन्हेगार’ म्हणजे पंधरा वर्षांच्या आतला, दोषी ठरलेला मुलगा. मुलींचा त्यात विचारच नाही. तुरुंगाऐवजी त्याला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई, पण वयाच्या अठराव्या वर्षानंतर नाही. शाळेत काय काय हवे याची यादी कायद्यातच आहे: रात्री मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, धंदेशिक्षण, आजाऱ्यांसाठी जागा. यादी करणाऱ्याने तुरुंग जवळून पाहिला होता हे जाणवते. मोठ्या मुलांच्या हाती लहान मुले सापडल्यावर रात्री काय होते, याची त्याला कल्पना असणार. मुलाच्या वयाची चौकशी करून मॅजिस्ट्रेटने निष्कर्ष नोंदवावा, असेही बंधन आहे. मात्र चौदा वर्षांच्या मुलाची ती सही या कायद्यात कुठेच उरली नाही. घरी कोण आहे, बाप का गेला, पोराने चोरी का केली, हेही विचारलेले नाही. वय किती आणि वर्षे किती, एवढ्यावर काम भागले.

घराबद्दलचा प्रश्न कागदावर यायला 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीची वाट पाहावी लागली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि चौकशीच्या काळात ठेवण्यासाठी वेगळी गृहे सुचवली. मद्रासने 1920 मध्ये, बंगालने 1922 मध्ये आणि मुंबईने 1924 मध्ये बाल कायदा केला.

मुंबईच्या कायद्यावर इंग्लंडच्या 1908 च्या कायद्याची छाप आहे. आता गुन्हा न केलेले मूलही न्यायालयापुढे आणता येऊ लागले: भीक मागणारे, घरदार नसलेले, ज्याचा बाप तुरुंगात आहे असे, वाईट संगतीत सापडलेले. हेतू रक्षणाचा होता आणि तो प्रामाणिक होता, याबद्दल मला शंका नाही. पण लंडनसाठी केलेली ही यादी गिरणगावच्या मुंबईला लावली की तिचा घेर फार वाढतो. गावात कुटुंब आणि शहरात एकटा पुरुष, अशी इथल्या कामकऱ्याची रीत होती. काकाच्या मागे आलेला, हॉटेलात राबणारा, फुटपाथवर झोपणारा पोरगा तर शहरभर होता. घरदार नसणे हे त्याच्या गरिबीचे लक्षण होते आणि आता त्याच कारणाने त्याला कोर्टापुढे उभे करता येत होते.

वाट अशी होती: पोलीस मुलाला उचलणार, रिमांड होममध्ये ठेवणार, मग बाल न्यायालयापुढे नेणार. परिवीक्षा अधिकारी घरी जाऊन चौकशी करणार. त्यानंतर मूल आईबापांकडे, किंवा न्यायालयाला योग्य वाटलेल्या व्यक्तीकडे, किंवा प्रमाणित शाळेत. या साखळीत नवा आणि खरोखर मोलाचा दुवा होता तो परिवीक्षा अधिकाऱ्याचा. मुलाच्या दारात जाऊन शेजाऱ्यांशी बोलणारा माणूस सरकारी कागदात पहिल्यांदाच आला. 1936 मध्ये नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली आणि अशा कामासाठी शिकलेली माणसे तयार होऊ लागली. चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दच्या मोकळ्या जागेत बालगृह उभारले, तेही याच विचाराने. तरीही त्या वाटेवरचा पहिला मुक्काम डोंगरीलाच राहिला, चोराचा आणि पोरक्याचाही.

त्यानंतरच्या वर्षांत कायदे बदलले, तुरुंगातली मुले मात्र हटली नाहीत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांतील मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 13 ऑगस्ट 1986 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याचा आरोप असला तरी मुलाला तुरुंगात ठेवता कामा नये. रिमांड होममध्ये जागा नसेल तर त्याला जामिनावर सोडावे. जागेची अडचण हे मुलाला कोंडण्याचे कारण ठरू शकत नाही, हे कोणीतरी शेवटी स्पष्ट शब्दांत म्हटले.

त्याच वर्षी केंद्राचा बाल न्याय कायदा झाला. उपेक्षित मुलांसाठी मंडळ आणि अपराधी मुलांसाठी न्यायालय अशी फाळणी त्याने केली, पण चौकशी चालू असताना दोघांनाही ठेवायची जागा एकच, निरीक्षणगृह. 2000 च्या कायद्याने ती जागाही वेगळी केली: आरोप असलेल्यांसाठी निरीक्षणगृह, काळजीची गरज असलेल्यांसाठी बालगृह. 1850 च्या त्या एका वाक्यातली मुले एकमेकांपासून वेगळी व्हायला बरोबर दीडशे वर्षे लागली. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक, ही तत्त्वे 2015 च्या कायद्यात आली. चौदा वर्षांच्या मुलाच्या सहीमागचा विचार इतक्या वळशानंतर कायद्यात परतला.

कायदे, समित्यांचे अहवाल आणि निकाल ग्रंथालयांत जपलेले आहेत. मुलांचे स्वतःचे शब्द असतील तर ते जुन्या संस्थांच्या दाखल-नोंदवह्यांत, परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालांत आणि घरी धाडलेल्या पत्रांत. आजच्या मुलांची ओळख उघड करू नये आणि दोषसिद्धीच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट कराव्यात, हा कायदा योग्यच आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या वह्यांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातील जुन्या बालगृहांच्या, अनाथाश्रमांच्या आणि सुधारशाळांच्या विश्वस्तांना विनंती आहे: त्या वह्या रद्दीत घालू नका. नावे झाकून, मोहोरबंद करून त्या पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करा.