हवामान विभागाचा अंदाज कसा वाचावा?

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना 1875 मध्ये झाली. हा विभाग केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयांतर्गत काम करतो. शेतीसाठी स्वतंत्र कृषी हवामानशास्त्र विभाग 1932 मध्ये पुण्यात सुरू झाला. पेरणी, फवारणी व काढणीचे नियोजन करताना अंदाजातील शब्दांचा नेमका अर्थ माहीत असणे आवश्यक आहे.

अंदाजाचे प्रकार

- दीर्घ पल्ल्याचा अंदाज : एप्रिलमध्ये जाहीर होतो, मेअखेरीस सुधारित येतो. 'देशात सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस' म्हणजे सर्वसाधारण पाऊस. मात्र हा आकडा संपूर्ण देशाचा व संपूर्ण हंगामाचा असतो. त्यावरून आपल्या गावातील पावसाचे खंड समजत नाहीत.
- जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज : पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची माहिती मिळते. त्यावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. तो 'मेघदूत' ॲपवर मराठीतही पाहता येतो.

शब्दांचा अर्थ

*किती क्षेत्रावर?* तुरळक ठिकाणी म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50, बऱ्याच ठिकाणी 51 ते 75 आणि बहुतांश ठिकाणी 76 टक्क्यांहून अधिक केंद्रांवर पाऊस.

*किती जोराचा?* 24 तासांत 2.5 ते 15.5 मिमी हलका, 15.6 ते 64.4 मिमी मध्यम, 64.5 ते 115.5 मिमी मुसळधार, 115.6 ते 204.4 मिमी अति मुसळधार.

दोन्ही शब्द एकत्र वाचावेत. 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' या अंदाजावर पेरणीचा निर्णय घेऊ नये. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असल्यास आपल्या शिवारात पाऊस होईलच असे नाही. पण झाला तर एक-दोन तासांतही पाणी साचू शकते. त्यामुळे चर मोकळे ठेवावेत.

रंगांचे इशारे

हिरवा : इशारा नाही. पिवळा : लक्ष ठेवा. नारंगी : सज्ज राहा, काढलेला माल झाकावा, फवारणी व खते देणे पुढे ढकलावे. लाल : तातडीने कृती करा, जनावरे व माणसे सुरक्षित ठिकाणी हलवावीत.

मॉन्सूनचे आगमन आणि पेरणी

मॉन्सून आपल्या भागात दाखल झाल्याची घोषणा पाऊस व वाऱ्यांच्या स्थितीवरून होते. जमिनीत पुरेशी ओल झाली, असा तिचा अर्थ नाही. पहिल्या सरींवर पेरणी करून पुढे खंड पडल्यास उगवलेली रोपे वाळतात आणि दुबार पेरणीसाठी बियाणे, खते व मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून कोरडवाहू क्षेत्रात 75 ते 100 मिमी पाऊस व जमिनीत चांगली खोलवर ओल झाल्यावर, पुढील पाच दिवसांचा अंदाज पाहूनच पेरणी करावी.

तालुक्याच्या आकड्यापेक्षा आपल्या शेतावरील नोंद अधिक उपयोगी ठरते. गावात साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी 8.30 वाजता नोंद घ्यावी.