भाजी धुण्यामागचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, गड व लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण आपण ज्या परातीत भाजी धुतो तिच्यामागेही इतिहास आहे, आणि तो पुष्कळांच्या प्राणांचे मोल देऊन घडलेला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. वाचून जे समजले ते येथे मांडते.

आपले आजे-पणजे पटकीच्या नावाने कापत. गावात पटकी शिरली म्हणजे मरीआई कोपली असे समजत व तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. गाडा शिवेबाहेर जाई, पण रोग गावच्या पाण्यात तसाच राही.

पटकी पाण्यातून पसरते हे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले. १८५४ साली तेथील ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या आसपास ६०० हून अधिक माणसे दगावली. दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई राहत असे. तिला त्याच पंपाचे पाणी गोड लागे, म्हणून ती ते गाडीवरून मागवी. तिच्या वस्तीत पटकी नव्हती, तरी ती गेली. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यालेली तिची भाचीही गेली. स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला.

पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांना कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्याच तळ्यावर लोक अंघोळ करीत, कपडे धूत व तेच पाणी पीत. त्यानंतर आग्र्याचे हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. वडीलधारी मंडळी ज्याला ‘लाल औषध’ म्हणत, ते हेच. त्याची जागा पुढे टी.सी.एल. पावडरीने घेतली.

ह्या साऱ्याचा भाजीशी संबंध काय? संबंध असा की, धुणे हे पाण्याइतकेच शुद्ध असते. ओल्या पालेभाजीवर असे जंतू काही दिवस तग धरतात. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर, किंवा बाजारात टवटवीत दिसावी म्हणून गढूळ पाणी शिंपडलेली मेथी, घरी पुन्हा तशाच पाण्यातून काढली तर धुतल्याचे केवळ समाधान मिळते. शिजवलेल्या भाजीला निदान चूल तारते. ठेच्यातली कोथिंबीर, काकडी, मुळा व कांद्याची पात कच्चीच पोटात जातात. अतिसाराने घरातील लहान लेकरू किती लवकर मलूल होते हे आयांना सांगावयास नको.

म्हणून आधी हात धुवावेत. जुडी सोडून, मुळे काढून पाने पिण्याच्या पाण्यात दोन-तीनदा बुडवावीत. माती तळाशी बसली की पाने वरून उचलून घ्यावीत; परात पालथी केल्यास तीच माती पुन्हा पानांवर येते. काकडी, टोमॅटो चिरण्याआधी चोळून धुवावेत, चिरल्यावर नव्हे. साबण लावू नये. आपल्या रावेरच्या केळीला निसर्गाने साल दिली आहे, तरी सोलण्याआधी तीही धुवावी. सालीवरची घाण हाताने आत जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डी.डी.टी.सारखी विषारी औषधे आली. एन्डोसल्फानवर तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. वरवर बसलेले औषध पाण्याने बरेचसे जाते, पण पिकात मुरलेले जात नाही. तेथे परातीचा इलाज चालत नाही. तो शेतातच करावा लागतो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीत छापलेले असते. आपल्यापैकी अनेकींच्या घरी शेती आहे. भाजी विकावयाची असो वा घरी खावयाची, ते दिवस मोजण्याचा आग्रह घरच्या बाईने अवश्य धरावा. कारण आपली भाजी दुसऱ्या कोणा आईच्या परातीत जाणार असते.