जिताड्याची वाट: पेणच्या खारेपाटातील भरती, उघाडी आणि तळे

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५) असलेले गागोदे बुद्रुक ज्यात मोडते तो एक डोंगरालगतचा भाग, आणि दुसरा धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला खारेपाट, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवून घेतलेली सखल भातजमीन. डोंगरात पडलेला पाऊस ओढ्यानद्यांनी या खाडीत उतरतो, तिचा खारटपणा कमी करतो आणि मृगानंतर खाडीला जे रूप येते त्यावर जिताडा या माशाचे अर्धे आयुष्य अवलंबून असते. गोड्या आणि खाऱ्या पाण्यांत आयुष्य वाटून घेणारा मासा म्हटला की युरोप-अमेरिकेतील अभ्यासकांना स्टर्जन आठवतो, ज्याच्या पोटात ध्वनिसंकेत देणारी नळी बसवून किनाऱ्यालगतचा त्याचा संचार आणि चरण्याच्या जागा शोधल्या जातात. परंतु स्टर्जनच्या सर्व जाती उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण पाण्यातल्या असून भारतीय किनाऱ्यावर तो नाही. कोकणात त्याच्या जोडीला बसवावा असा मासा जिताडाच होय, आणि त्याचा माग काढण्याचे काम येथे यंत्रांच्या कितीतरी आधी बांधांनी केले.

या दोन माशांची वाट मात्र उलटसुलट आहे. स्टर्जन अंडी घालण्यासाठी नदीत चढतो, तर जिताडा गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात वाढून अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे, जेथे पाण्याला समुद्राइतका खारटपणा असतो तेथे, उतरतो. अंडी घालण्याचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे येतो व चंद्रकलांशी बांधलेला असतो, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीबरोबर, ज्या भरतीला कोकणात उधाण म्हणतात, पिल्ले आत लोटली जातात आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, डबक्यांत व खाचरांच्या कडेला पसरतात. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरतीला भांग म्हणतात. तिच्यात पाणी तितके आत चढत नाही.

खारेपाटातील शेतकऱ्याला हा हिशेब माशासाठी नव्हे, तर भातासाठी ठेवावा लागे. खाऱ्या पाण्याला अडविणारा समुद्राकडचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा, आणि त्यातील झडपेचे दार म्हणजे उघाडी, जी ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते व भरतीला मिटते. जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात अशा जमिनींचा एक मोठा हिस्सा शिलोत्री पद्धतीचा होता. तीत बांधाची उभारणी आणि डागडुजी शिलोतरदाराने पाहावी व कुळांनी त्यासाठी धान्य द्यावे, असा व्यवहार चाले. बांधाला भगदाड पडले, म्हणजे खांड गेली, की शेत खारे होई. पण त्याच पाण्याबरोबर आलेली जिताड्याची पिल्ले मागे उरलेल्या डबक्यांत सापडत. भाताचे नुकसान आणि माशाचे आगमन ही एकाच उधाणाची दोन फळे होती, आणि पिल्ले केव्हा व कोठे शोधावी हे ज्ञान त्या नुकसानीतूनच पक्के झाले असावे, असे मानण्यास जागा आहे.

ही पिल्ले घराजवळच्या तळ्यात सोडून वाढविण्याची प्रथा पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात रूढ झाली. तळ्यातील जिताडा पाहुण्यासाठी, जावयासाठी राखून ठेवला जाई. अडलेल्या सरकारी कामासाठी तो योग्य दारी पोचता करण्याच्या गोष्टीही जिल्ह्यात थट्टेने सांगितल्या जातात, आणि त्यांवरून या माशाचा मान कळतो. तळ्याचा खरा प्रश्न खाद्याचा होता. जिताडा शिकारी मासा आहे: लहानपणी तो पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव व कीटक खातो, मोठेपणी मासे आणि कोळंबी, आणि लहानमोठी पिल्ले एकत्र राहिली तर मोठी लहानांना गिळतात. म्हणून तळ्यात बारीक मासे सोडत राहणे आणि पिल्ले आकारमानाने जुळती ठेवणे आवश्यक ठरे. उत्तर ऑस्ट्रेलियातील जिताड्यांच्या पोटातील अन्न तपासून १९८५ मध्ये जो आहारक्रम प्रसिद्ध झाला, त्याचा व्यावहारिक अर्थ तळेवाल्याला नुसत्या तोट्यावरून समजलेला होता.

परंतु हे ज्ञान एकाच टोकाचे होते, आणि त्याचे कौतुक करताना ही मर्यादा झाकू नये. खारेपाटाने जिताडा आत येताना पाहिला, परत जाताना पाहिला नाही, कारण तळ्यात पडलेल्या माशाला परतीची वाटच उरत नसे. हा मासा प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी बहुधा मादी होतो, हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण भाग तळ्याच्या काठावरून दिसणे कठीण होते. परतीच्या वाटेची बाजू दुसरीकडे उलगडली: पापुआ न्यू गिनीत खुणेच्या चकत्या लावून सोडलेल्या जिताड्यांच्या स्थलांतराचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे माशाच्या कानातील चुन्याच्या खड्याचे पृथक्करण होऊ लागले. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे या खड्यावर थर चढतात व खाऱ्या पाण्यात घालवलेल्या काळाच्या थरांत स्ट्राँशियम हे मूलद्रव्य अधिक आढळते, त्यामुळे मासा कोणत्या वयात कोठे होता हे तो मेल्यावरही वाचता येते.

दरम्यान बांधांची व्यवस्था बदलली. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बाहेरकाठ्यांची जबाबदारी शिलोतरदाराकडून सरकारी यंत्रणेकडे नेली. तरीही जेथे खांडी वेळेवर बुजल्या नाहीत तेथे भाताच्या जागी कांदळवन उभे राहिले. पिल्लांसाठी उधाणाची वाट पाहण्याची गरजही उरली नाही, कारण चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याचे प्रजनन साधले आणि उबवणी केंद्रातील पिल्ले विकत मिळू लागली. गोड्या पाण्याच्या तळ्यातील जिताडा मात्र तेथे अंडी घालीत नाही, त्यामुळे खाजणातून असोत वा उबवणी केंद्रातून, पिल्ले बाहेरूनच आणावी लागतात.