कारेलियाचे जुने स्थलाकृतिक नकाशे

लाडोगा सरोवर व फिनलंडचे आखात यांमधील कारेलियन संयोगभूमी हा सरोवरांचा आणि सूचिपर्णी अरण्यांचा प्रदेश. तो फिनलंडकडे असताना त्याचे १:२०,००० प्रमाणाचे नकाशे तयार झाले. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील २०० मीटर. त्यामुळे समोच्च रेषांबरोबर दलदली, शेते, पायवाटा, इतकेच नव्हे तर घरांच्या खुणाही त्यांत नोंदता आल्या.

हा प्रदेश १९४० मध्ये प्रथम आणि १९४४ मध्ये कायमचा सोव्हिएत संघाकडे गेला. सुमारे चार लाख रहिवासी फिनलंडमध्ये विस्थापित झाले. १९४८ मध्ये तेरियोकीचे झेलेनोगोर्स्क, तर कॅकिसाल्मीचे प्रियोझेर्स्क झाले. अशीच इतर अनेक फिनिश गावनावेही बदलली. कित्येक लहान गावे ओसाड पडून तेथे रान माजले.

सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास सीमा खुली झाली, तेव्हा विस्थापित आणि त्यांचे वंशज हे नकाशे घेऊन मूळ गावांच्या शोधात जाऊ लागले. नावे पुसली गेली, तरी टेकड्यांचे चढउतार आणि सरोवरांचे काठ बहुतांशी तसेच आहेत. त्यांच्याच आधारे झाडीत दडलेले घराचे जोते आजही शोधता येते. लष्कर व प्रशासन यांच्या उपयोगाचे हे कागद आता हरवलेल्या गावांचे दप्तर ठरले आहेत.