शिलेदाराचे शिंगरू

कागलचे घाटगे घराणे घोड्याच्या पाठीवर वाढले. घोडेस्वारीत नाव मिळविलेल्या बायजाबाई शिंदे याच घराण्यातल्या. १८८४ साली येथले यशवंतराव कोल्हापुरास दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. नवी जनावरे जोतून तयार करण्याची गाडी म्हणजे खडखडा. महाराजांचा खडखडा कोल्हापुरात सर्वांच्या ओळखीचा होता. पण राजाच्या हौसेमागे पागा असते, खजिना असतो. साध्या गृहस्थाने घरचे शिंगरू वाढवून, शिकवून त्यावर चार पैसे मिळवावेत, हे कधी साधले काय? हा प्रश्न आपण इतिहासालाच विचारू.

मराठी फौजेत बारगिराचा घोडा सरकारी, तर शिलेदाराचा स्वतःचा. ग्रँट डफने शिवकालीन पगार दिले आहेत : बारगिरास दरमहा २ ते ५ होन, शिलेदारास ६ ते १२. दोहोंतील अंतर हे मुख्यतः घोड्याचे मोल होय. आता दुसरी बाजू पाहू. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू तीन-चार वर्षांचे होईपर्यंत त्याच्या पाठीवर पुरते ओझे टाकता येत नाही. तोवर कडबा, चंदी, खरारा हे सारे चालूच. मिळकत मात्र काही नाही. म्हणजे ज्याचा कडबा शेतातला आणि खरारा घरच्या पोरांच्या हातचा, त्यालाच हा व्यवहार झेपावा. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे नावाजली, त्यांना फौजेसारखे कायमचे गिऱ्हाईक होते, हेही विसरता येत नाही.

तरीही जोखीम उरतेच. लढाईत घोडा पडला तर नुकसान शिलेदाराचे. एका गोळीने वर्षांची मेहनत मातीस मिळे आणि शिलेदाराचा बारगीर होई. असा माणूस रणात घोडा जपू लागला, तर त्याला केवळ भित्रा म्हणून कसे चालेल? इंग्रजांनी शिलेदारी पलटणी ठेवल्या, तेव्हा स्वारांच्या वर्गणीचा चंदा करून मेलेल्या घोड्याची भरपाई देण्याची सोय केली. १९१४ च्या महायुद्धात घोडे इतके खपले की ही व्यवस्था निभेना. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत ती मोडली.

यावरून आम्हांस एकच गोष्ट दिसते. शिकवल्याने शिंगराची किंमत वाढते खरी. पण नफा ठरतो तो चाऱ्याचा खर्च कोण सोसतो आणि मरणाची जोखीम कोणाच्या माथी पडते यावर. आजही दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. मात्र हौशी माणसाला कडबा विकत, नालबंद विकत, चाबुकस्वारही पगारी. आणि फौज गिऱ्हाईक म्हणून उभी नाही. त्याने शिंगरू जरूर पाळावे, पण जमाखर्चाच्या वहीत ते खर्चाच्या बाजूस लिहून मगच दावणीला बांधावे. हौसेला मोल नसते, हे खरे. कडब्याला असते.