पाळीच्या कळा आणि विश्रांतीचा हक्क

पाळीत पोट दुखले की ओवा चावा, आल्याचा काढा घ्या, पोट शेका, असे आपल्या आज्या सांगत आल्या. गर्भाशय आकुंचन पावल्याने कळा येतात, शेकल्याने स्नायू सैल होतात. उपाय खोटे नाहीत. पण शेकायला अर्धा तास कोणाकडे आहे?

बीडच्या ऊसतोड बाईकडे नाही. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. खाडा झाला की मुकादम दंड कापतो. तेथील बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा कुठे सरकारने चौकशी समिती नेमली.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९९२ पासून बिहारमध्ये सरकारी नोकरीतील स्त्रियांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवस रजा आहे. उसाच्या फडात मात्र आजही खाडाच!

म्हणून आम्ही विचारतो: ओवा घरात आहे, पण हक्काची विश्रांती, पोटभर सकस जेवण आणि शस्त्रक्रियेआधी नीट तपासणी कोण देणार?