अंगठा, अक्षर आणि मत

 

मागच्या महिन्यात आम्ही एका गावात गटाच्या बैठकीला गेलो होतो. ग्रामसभेत काय मागायचं, हा विषय होता. सगळ्याजणी बोलत होत्या. एक मावशी मात्र भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. आम्ही विचारलं, "मावशी, तुमचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "आमी अंगठेवाल्या बाया. आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी शिकलेल्या, तुमीच ठरवा."

या मावशींना गटात बारा वर्षं झाली. कोणी किती कर्ज घेतलं, कोणाचा हप्ता राहिला, हे त्या रजिस्टर न उघडता सांगतात. प्रत्येक निवडणुकीला सकाळीच रांगेत उभ्या राहतात. आणि त्याच म्हणतात, आम्हाला काय कळतंय! त्यांचं हे बोलणं आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आज त्यावरच बोलू. शाळा शिकलं की माणूस चांगला नागरिक होतो का? आणि जी शिकली नाही, तिचं मत कमी किमतीचं का?

याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल.

सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्याच शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. तिनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिची शाळा झाली होती अवघी तीनेक वर्षांची. पण तिनं धर्म सांगणाऱ्यांना आणि पेशवाईतल्या अन्यायाला सरळ सवाल केले. तिला कोणी राज्यशास्त्र शिकवलं नव्हतं. जे आपल्याबरोबर चाललंय ते बरोबर आहे का, हे विचारायला तिला त्या शाळेनं शिकवलं.

हे झालं पुण्यात. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिला. लातूरही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, ते १९८२ मध्ये वेगळं झालं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून. उर्दू भाषा गोड आहे, तिच्याशी आपलं भांडण नाही. पण घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला ती शाळा परकी वाटायची. शाळाही थोड्याच. त्यातून सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. त्या हुकुमाला 'गश्ती निशाण ५३' म्हणत. म्हणजे शिकायचीही अडचण आणि चारजणांनी एकत्र बसून बोलायचीही अडचण. राजाला प्रजा हवी होती, नागरिक नको होते.

अशा काळात आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याला, आजच्या लोहारा तालुक्यात, १९२१ मध्ये एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली. गावच्या लोकांनी ती चालवली. पुढं तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. तेच आपले स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्यात त्यांनी पोरांना शिकवलं, मग १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले, आणि १९३८ पासून हैदराबाद संस्थानातल्या लढ्याचे पुढारी झाले. एका खेड्यातला मास्तर सगळ्या मुक्तिसंग्रामाचा नेता झाला, यात नवल नाही. जिथं सभेला बंदी असते, तिथं शाळेचा वर्ग हीच सभा होते. पुस्तकाच्या धड्याबरोबर पोरं हेही शिकली की राज्य हे राजाच्या घरचं वतन नसतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली आणि १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. दरवर्षी आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो. पण या सगळ्या गोष्टीत आपल्या आज्या-पणज्या कुठं होत्या? बहुतेक घरांतल्या मुली शाळेच्या वाटेला गेल्याच नव्हत्या. १९५१ च्या जनगणनेत सगळ्या देशात शंभर बायांमध्ये जेमतेम नऊजणींना लिहिता-वाचता येत होतं.

आता प्रश्न असा होता, की या न शिकलेल्या लोकांना मत द्यायचं का? इंग्रजांच्या काळात मत सगळ्यांना नव्हतं. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. पुष्कळ मोठी माणसं म्हणायची, आधी शिकवा, मग मत द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या वेळी याला विरोध केला. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगतो. आधी लोकांना शाळेबाहेर ठेवायचं आणि मग तुम्ही शिकला नाहीत म्हणून मत नाही म्हणायचं, हा दुहेरी अन्याय आहे. निरक्षर माणूस अडाणी नसतो, आपलं भलं कशात आहे हे त्याला कळतं. आणि राज्यकारभारात भाग घेणं, हेच मुळात एक शिक्षण आहे.

आपल्या घटनेनं हीच वाट धरली. मताला शिक्षणाची अट ठेवली नाही. मैत्रिणींनो, आपल्या आज्यांना अक्षर मिळायच्या आधी मत मिळालं, हे विसरू नका.

१९५१-५२ ला पहिली निवडणूक झाली. वाचता येत नाही म्हणून चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पण एक वेगळीच अडचण निघाली. यादीवाले दारात आले की कित्येक बाया स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगत. देशात, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, अशा सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळली. मत होतं, पण नाव नव्हतं. म्हणून आम्ही गटात नव्या बाईला पहिल्या दिवशी उभं करून तिचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायला लावतो. काहीजणी हसतात, पदर तोंडावर घेतात. हसू द्या. नागरिक होण्याचा पहिला धडा तोच आहे.

मग अक्षराचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, पण अक्षर कशाबरोबर येतं ते बघावं लागतं. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याची गोष्ट ऐका. १९९० च्या सुमाराला तिथं साक्षरता मोहीम जोरात होती. रात्री बाया वर्गाला यायच्या. त्यांच्या वाचनाच्या पुस्तकात दारूनं उद्ध्वस्त झालेल्या एका घराचा धडा होता. बायांनी धडा वाचला आणि आपापल्या घराकडं बघितलं. दुबगुंटा गावात त्यांनी गुत्ता बंद पाडला. तिथून ही आग गावोगाव गेली, दारूच्या लिलावाच्या जागी बाया जाऊन बसल्या, आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला सगळ्या आंध्रातली गावठी दारू बंद करावी लागली. नुसतं बाराखडीचं पुस्तक असतं तर बाया सही करायला शिकल्या असत्या. पुस्तकात त्यांचं जगणं होतं आणि वर्गात बोलायला जागा होती, म्हणून त्या सरकारशी बोलायला शिकल्या. आपल्याकडंही 'आडवी बाटली'चं मतदान आहेच. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद होतं. त्या चिठ्ठीवर चित्र असतं. अंगठेवाल्या मावशीचं मत आणि मास्तरीणबाईचं मत तिथं सारखंच मोजलं जातं.

सगळ्या आंध्रात गावठी दारू बंद व्हायच्या एकच दिवस आधी आपल्यावर काय कोसळलं, ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून लोक निजले होते. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत, लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीखाली गेली. हजारो माणसं गेली. आमच्यातल्या काहीजणी तेव्हा आईच्या मांडीवर होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. पण पुढं जे झालं ते आम्ही मोठ्या बायांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय.

घरं बांधायची, दुरुस्त करायची मोठी योजना आली. सरकारचे कागद, हप्ते, सिमेंट, मापं. लोकांना यातलं कळावं आणि लोकांचं म्हणणं सरकारला कळावं, म्हणून गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' म्हणून काम दिलं. त्यातल्या कितीजणी जेमतेम शिकलेल्या. पण घरोघर जाऊन हप्ता कधी मिळतो ते सांगायचं, कोपऱ्यातला दगड नीट बसलाय का बघायचं, साहेबापुढं उभं राहून कोणाचा पैसा अडकलाय ते विचारायचं, हे त्यांनी केलं. तोपर्यंत चावडीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर पुढं ओढणाऱ्या याच बाया. कामानं त्यांना शिकवलं. पुढं आपल्या भागात बचत गट पसरले, त्यामागं या बायांचाही हात आहे.

त्याच वर्षी, २४ एप्रिल १९९३ ला, ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. खुर्ची मिळाली. पण खुर्चीवर बाई आणि शेजारी तिचा नवरा, हे चित्रही आपण बघतो. कारण उघड आहे. तिला खुर्ची दिली, पण सवाल करायची सवय कुठं दिली होती?

आता आमच्याबद्दल सांगतो, लाजायचं कशाला. आमच्यातल्या दोघी-तिघी बी.ए. झालेल्या. राज्यशास्त्राच्या पेपरात ७३ व्या घटनादुरुस्तीवर दोन पानं उत्तर लिहिलं, मार्कही चांगले पडले. पण पहिलं मत दिलं ते घरच्यांनी सांगितलं त्या चिन्हाला. ग्रामसभा म्हणजे काय हे पाठ होतं, गटात येईपर्यंत एकाही ग्रामसभेला गेलो नव्हतो. पुढं एका गावात आम्ही गटाच्या बायांबरोबर ग्रामसभेला गेलो. पाण्याच्या टाकीचा खर्च वाचून दाखवला जात होता. आम्ही डिग्रीवाल्या गप्प. एक न शिकलेली आजी उठली आणि म्हणाली, "टाकी कुठं हाय ते दावा, मग खर्च सांगा." सगळी सभा थांबली. टाकीचं काम अर्धंच झालेलं होतं. पुढच्या वेळी मात्र अर्ज लिहायला, माहिती मागायला, उत्तर वाचायला आमचंच शिक्षण कामाला आलं. आजीचा सवाल आणि आमचं अक्षर, दोन्ही मिळून ते काम पुरं झालं.

हे आम्ही आज का सांगतोय? २०१७ मध्ये आपल्या राज्यात सरपंचपदासाठी अट आली, की १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार सातवी पास पाहिजे. राजस्थाननंही अशी अट घातली होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. हरियाणाची अट मात्र सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये योग्य ठरवली. यात दोन बाजू आहेत. शिकलेला सरपंच कागद वाचू शकतो, त्याला कोणी फसवून सही घेऊ शकत नाही, हे खरं. पण आपल्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी पाचवीतच शाळा सोडते, बारक्या भावाला सांभाळायला कोपीवर थांबते. उद्या तिला सांगायचं, तू शिकली नाहीस म्हणून उभी राहू नको? बाबासाहेबांनी सांगितलेला दुहेरी अन्याय तो हाच. अट ठेवायचीच तर आधी ती मुलगी शाळेत राहील याची जबाबदारी गावानं आणि सरकारनं घ्यावी.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. शाळा पाहिजेच. आपली एकही मुलगी घरी राहता कामा नये. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलीला "गप बस" म्हणणारी शाळा असली, तर ती शिकलेली पण गप्प बाईच घडवते. आणि जिथं पाळीपाळीनं अध्यक्ष होतात, हिशोब सगळ्यांसमोर वाचतात, जिला पटलं नाही तिला बोलू देतात, तो गट न शिकलेल्या बाईलाही नागरिक करतो. आपली महिन्याची बैठक ही आपली हिप्परग्याची शाळाच आहे.

जाता जाता तीन कामं सांगतो. एक, यंदाच्या ग्रामसभेआधीची महिला सभा चुकवू नका, ती कायद्यानं आपली आहे. दोन, पुढच्या बैठकीत जमाखर्च वाचून झाला की प्रत्येकीनं एक तरी सवाल विचारायचा, मग तो साधा का असेना. तीन, गटातली कोणती मुलगी शाळेतून गळायला लागलीय, त्याची नोंद रजिस्टरात करा आणि तिच्या घरी दोघीजणी जा.

त्या मावशींकडं आम्ही परत गेलो होतो. म्हटलं, मावशी, बारा वर्षांचा हिशोब तोंडपाठ असणाऱ्या बाईला काय कळत नाही, ते एकदा सांगा. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं, येते ग्रामसभेला. पर बसायला पुढं जागा धरा." जागा धरली आहे. तुम्हीही धरा.